युसेबियो : घर कुठले आणि परदेश कुठला?

५ जानेवारी २०१४ रोजी युसेबियो लिस्बनमध्ये वारला. पोर्तुगाल सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी भर पावसात त्याची शवपेटी बेन्फिका क्लबच्या 'लुझ' मैदानावर नेऊन फिरवण्यात आली, कारण तशी त्याची इच्छा होती. पुढे दीड वर्षाने, ३ जुलै २०१५ रोजी, त्याचे अवशेष लिस्बनच्या राष्ट्रीय पँथिऑनमध्ये हलवले गेले. माजी राष्ट्राध्यक्ष, नामवंत लेखक आणि फादो गायिका आमालिया रॉड्रिग्स यांच्या पंक्तीत बसलेला तो पहिला फुटबॉलपटू.

एवढा मान मिळालेला हा माणूस जन्मला मात्र लिस्बनपासून हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. मोझांबिकच्या राजधानीला आज मापुतो म्हणतात, तेव्हा तिचे नाव लोरेंसो मार्किस होते. आमच्या गोव्यातून पिढ्यान् पिढ्या लोक नोकरीधंद्यासाठी तिथे गेले, त्यामुळे जुन्या गोवेकरांना हे नाव परके नाही.

युसेबियोबद्दल गोव्यात दोन प्रकारची माणसे भेटतात. एक प्रकार 'आमच्या वेळचा युसेबियो' म्हणून डोळे ओले करणाऱ्यांचा. दुसरा प्रकार म्हणजे, पोर्तुगीजांनी शोभेला उभा केलेला काळा खेळाडू, त्यात काय एवढे, असे म्हणणाऱ्यांचा. मी मराठी घरात वाढलो. आमच्याकडे पोर्तुगीज अंमलाबद्दल प्रेमाने बोललेले मी कधी ऐकले नाही, त्यामुळे साहजिकच दुसऱ्या गटाकडे माझा ओढा असायचा. पण या माणसाची कारकीर्द नीट तपासली तर दोन्ही गटांचे म्हणणे अपुरे वाटते. मला त्यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. युसेबियो पंधरा वर्षे परदेशात खेळला की घरीच खेळला? आणि हे कोणी ठरवायचे?

प्रथम त्याच्या घराविषयी.

२५ जानेवारी १९४२ रोजी माफालाला या वस्तीत त्याचा जन्म झाला. लोरेंसो मार्किस हे शहर तेव्हा दोन भागांत विभागलेले होते. एक सिमेंटचे शहर, रुंद रस्त्यांचे, गोऱ्यांचे. दुसरे त्याच्या कडेचे बोरूचे शहर, म्हणजे बोरू, लाकूड आणि पत्र्याच्या घरांचे, आफ्रिकन माणसांचे. माफालाला या दुसऱ्या शहरात मोडत असे. वडील लाउरिंदो हे अंगोलातून आलेले गोरे रेल्वे कामगार, आई एलिसा ही काळी मोझांबिकन. युसेबियो आठ वर्षांचा असताना वडील धनुर्वाताने गेले आणि आईने एकटीने मुले वाढवली. पोरांचा चेंडू म्हणजे मोज्यात कोंबलेले वर्तमानपत्राचे कागद आणि चिंध्या. वस्तीतल्या पोरांनी संघ काढला, त्याला नाव दिले 'ब्राझिलियन'. अनवाणी पायांनी तो इथे जे शिकला तेच त्याचे शिक्षण.

ही माफालाला मोठी विलक्षण वस्ती. मोझांबिकचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सामोरा माशेल आणि जोआकिम शिसानो, हे दोघेही एकेकाळी इथे राहिलेले. कवी जोझे क्रावेरिन्या आणि कवयित्री नोएमिया दे सोझा यांचेही नाते याच वस्तीशी. पोर्तुगालच्या संघात डावीकडे बचाव करणारा इलारियो इथलाच. एका गरीब मोहल्ल्याने एका देशाला नेते, कवी आणि फुटबॉलपटू असे सगळेच दिले.

आता कागदपत्रांचा भाग. मी सरकारी कारकून, त्यामुळे कायद्याच्या शब्दांकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वसाहती मोकळ्या होऊ लागल्या तेव्हा सालाझारने एक युक्ती केली. १९५१ साली घटनादुरुस्ती करून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला आणि त्याजागी 'सागरापलीकडचे प्रांत' असे लिहिले. गोवा प्रांत, मोझांबिक प्रांत, अंगोला प्रांत. वसाहतीच नाहीत म्हटल्यावर स्वातंत्र्य कसले द्यायचे? पोर्तुगाल हा एकच देश, त्याचे तुकडे जगभर पसरलेले, अशी ती मांडणी होती. हा युक्तिवाद गोव्याच्या बाबतीत भारत सरकारला आणि संयुक्त राष्ट्रसंघाला वर्षानुवर्षे ऐकवण्यात आला.

कागदावर सगळे पोर्तुगीज, पण सगळे सारखे नव्हेत. मोझांबिक, अंगोला आणि गिनी या तीन ठिकाणी 'इंदिजेना' म्हणजे 'देशी' नावाचा वेगळा कायदा लागू होता. बहुसंख्य काळ्या लोकांना नागरिकत्व नव्हते. त्यांना ओळखीचे पुस्तक बाळगावे लागे आणि सक्तीची मजुरी त्यांच्या माथी मारली जाई. पोर्तुगीज भाषा आणि पोर्तुगीज राहणी सिद्ध केली तरच वरच्या वर्गात प्रवेश मिळे. गोव्याला हा कायदा लागू नव्हता. आपल्याकडचा छळ वेगळ्या जातीचा होता. म्हणून 'आम्हीही तेच भोगले' असे म्हणताना गोवेकराने जरा जपून बोलावे. तो कायदा रद्द झाला सप्टेंबर १९६१ मध्ये. म्हणजे युसेबियो लिस्बनला पोचल्यावर नऊ महिन्यांनी.

तो लिस्बनला कसा पोचला, ही गोष्ट रहस्यकथेसारखी आहे. लोरेंसो मार्किसमध्ये लिस्बनच्या मोठ्या क्लबांच्या शाखा होत्या. युसेबियो लहानपणापासून बेन्फिकाचा भक्त, म्हणून तो प्रथम बेन्फिकाशी जोडलेल्या देस्पोर्तिव्हो क्लबात गेला. तिथे त्याला घेतले नाही. मग तो स्पोर्टिंगच्या शाखेत गेला आणि गोलांचा पाऊस पाडू लागला. ब्राझीलचा जुना खेळाडू जोझे कार्लोस बाउएर एका ब्राझिलियन संघाचा प्रशिक्षक म्हणून दौऱ्यावर तिथे आला होता, त्याने या पोराला पाहिले. पुढे लिस्बनमध्ये एका न्हाव्याच्या दुकानात बाउएरची गाठ पडली बेन्फिकाचा हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमन याच्याशी. केस कापता कापता झालेल्या गप्पांत हे नाव निघाले आणि गुटमनने पुढची चक्रे फिरवली.

पोरगा होता स्पोर्टिंगच्या शाखेत आणि पाहिजे होता बेन्फिकाला. तारांमधून त्याचा उल्लेख 'रूथ मालोसो' अशा बाईच्या नावाने केला गेला, म्हणजे वाटेत कोणाला सुगावा लागू नये. डिसेंबर १९६० मध्ये तो लिस्बनला उतरला. स्पोर्टिंगवाल्यांनी उचलून नेऊ नये म्हणून त्याला काही दिवस दक्षिणेकडच्या आल्गार्व्हमधील लागोस गावी लपवून ठेवले. अठरा वर्षांचा मुलगा, प्रथमच घराबाहेर, कडाक्याच्या थंडीत. नोंदणीचा वाद मिटायला मे १९६१ उजाडला. २३ मे रोजी आत्लेतिकोविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने तीन गोल केले. त्याच महिन्याच्या अखेरीस बेन्फिकाने बर्नमध्ये बार्सिलोनाला ३-२ असे हरवून युरोपियन चषक जिंकला, पण त्या सामन्यात तो नव्हता. जूनमध्ये पॅरिसला पेलेच्या सांतोस संघाशी गाठ पडली. बेन्फिका मोठ्या फरकाने मागे असताना हा बदली खेळाडू म्हणून उतरला आणि तीन गोल करून मोकळा झाला. सामना सांतोसने ६-३ असा जिंकला, पण लोक विचारू लागले, हा कोण?

इथे मारियो कोलुना याची ओळख करून दिली पाहिजे. तोही मोझांबिकचा, १९५४ पासून बेन्फिकात, मधल्या फळीचा आधारस्तंभ. युसेबियोच्या आईने कोलुनाला पत्र लिहून कळवले होते, की माझ्या मुलाकडे लक्ष ठेवा. कोलुनाने ते अक्षरशः पाळले. युसेबियो त्याला शेवटपर्यंत 'सेन्योर कोलुना' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडे 'कोलुनासाहेब'. २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅमला रेआल माद्रिदविरुद्ध युरोपियन चषकाची अंतिम लढत होती. पुष्काशने रेआलसाठी पूर्वार्धातच तीन गोल केले होते. तरी बेन्फिकाने सामना ५-३ असा फिरवला. कोलुनाने बरोबरीचा गोल केला, मग युसेबियोने दोन. त्यातली पेनल्टी मारण्यापूर्वी त्याने कोलुनासाहेबांची परवानगी विचारली, असे तो पुढे सांगत असे. सामना संपल्यावर त्याने आपला आदर्श डि स्टेफानो याचा शर्ट मागून घेतला आणि चषकापेक्षा तो शर्टच घट्ट धरून ठेवला.

तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. युसेबियो पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळला ऑक्टोबर १९६१ मध्ये, लक्झेम्बर्गविरुद्ध. त्याने गोल केला, पण पोर्तुगाल ४-२ असा हरला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला होता. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्रेलिमोने मोझांबिकमध्ये सशस्त्र लढा सुरू केला. साम्राज्याचे एकेक टोक सुटत चालले होते आणि नेमक्या याच वर्षांत मोझांबिकचा एक तरुण पोर्तुगालच्या शर्टात जग गाजवत होता. 'बघा, आमच्याकडे काळा-गोरा भेद नाही' हे सांगायला सालाझारला यापेक्षा चांगला पुरावा कुठून मिळणार?

१९६५ साली युसेबियोला 'बालाँ द'ओर', म्हणजे युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब मिळाला. आणि साठच्या दशकाच्या त्याच मध्यावर, त्याच्याच माफालालाचे कवी क्रावेरिन्या फ्रेलिमोशी संबंध असल्यावरून सालाझारच्या गुप्त पोलिसांच्या कोठडीत गेले आणि काही वर्षे आत राहिले. (पुढे १९९१ मध्ये पोर्तुगीज भाषेतील सर्वोच्च समजला जाणारा कामोइश पुरस्कार मिळवणारे ते पहिले आफ्रिकन लेखक ठरले.) वस्ती एकच आणि सरकारही एकच.

आपल्या बाजूचेही एक नाव इथे आठवल्याशिवाय राहत नाही. सांगलीहून गोव्यात शिक्षक म्हणून आलेले आणि मुक्तिलढ्यात उतरलेले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. त्यांना गोव्यातून नेऊन लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्याच्या तुरुंगात ठेवले होते. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडक्यांसारख्यांनी इकडे खटपट केली आणि अखेर जानेवारी १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. म्हणजे लुझ मैदानावर सत्तर हजार माणसे युसेबियोच्या नावाचा गजर करत होती, त्या काळात काही मैलांवर एक मराठी शिक्षक कोठडीत दिवस मोजत होता. हे लिहिताना मला युसेबियोवर राग काढायचा नाही. पण ती वर्षे फक्त गोलांनी मोजली तर हिशेब चुकतो.

आता १९६६ चा विश्वचषक. त्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. त्या स्पर्धेत आफ्रिकेचा एकही संघ नव्हता. आफ्रिका खंडासाठी एकही जागा हक्काने राखून ठेवायला फिफा तयार नव्हती, म्हणून घानाच्या पुढाकाराने आफ्रिकन देशांनी बहिष्कार टाकला. आणि आफ्रिकेविना झालेल्या त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल कोणी केले? मोझांबिकमध्ये जन्मलेल्या युसेबियोने, नऊ. पोर्तुगालचा कर्णधार कोण? मोझांबिकचा कोलुना. शिवाय इलारियो आणि विसेंत हे बचावपटूही मोझांबिकचेच.

गटात पोर्तुगालने ब्राझीलला ३-१ असे हरवून घरी पाठवले, त्यात दोन गोल युसेबियोचे. मग २३ जुलैला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर उत्तर कोरियाशी उपांत्यपूर्व सामना. पंचवीस मिनिटांत कोरिया ३-० असा पुढे! त्यानंतर युसेबियोने जे केले ते आजही जुन्या चित्रफितींत बघायला मिळते. ओळीने चार गोल, त्यांतले दोन पेनल्टीवर. पहिल्या तीन गोलांनंतर चेंडू जाळ्यातून स्वतः उचलून मध्यरेषेकडे धावत नेणारा युसेबियो त्यात दिसतो. आनंद साजरा करायला त्याच्याकडे वेळ नव्हता. सामना ५-३. उपांत्य फेरीत वेम्ब्लीवर इंग्लंडने २-१ असे हरवले. पोर्तुगालचा एकमेव गोल, अर्थात पेनल्टीवर, त्याचाच. मैदानाबाहेर जाताना तो शर्टाने डोळे पुसत होता, ते छायाचित्र जगभर गेले. शेवटी सोव्हिएत संघाला हरवून पोर्तुगालने तिसरा क्रमांक मिळवला.

अशा खेळाडूवर इटलीच्या श्रीमंत क्लबांच्या उड्या पडल्या नसत्या तरच नवल. युव्हेंतुस आणि इंटर मिलान या दोघांनीही त्याला मागणी घातली. पण तो गेला नाही. सालाझारने आपल्याला देशाबाहेर जाऊ दिले नाही, आपण राष्ट्राची मालमत्ता ठरलो, असे त्याने उतारवयात मुलाखतींत उघड सांगितले. भरीस भर म्हणून १९६६ नंतर इटलीनेच नव्या परदेशी खेळाडूंना दार बंद केले. लष्करी सेवाही त्याला चुकली नाही.

इथे मला आपल्या मैदानांवरचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स डेंपोकडून खेळायला गोव्यात आला आणि त्याने अनेक मोसम गोल करून फातोर्ड्याचे मैदान दणाणून सोडले. २०१२ मध्ये चांगला करार मिळाला तेव्हा तो कोलकात्याला प्रयाग युनायटेडकडे गेला, पुढे ईस्ट बंगालकडे. आपल्याला वाईट वाटले, पण कोणी त्याला अडवले नाही. तो परदेशी होता, म्हणूनच मोकळा होता. युसेबियोला कागदावर परदेशी धरले नव्हते, 'आपला' धरले होते, आणि त्या आपलेपणानेच त्याला बांधून घातले. कोणी 'तू आमचाच' म्हणाले की आपण सुखावतो. त्या शब्दाची किंमतही विचारून घ्यावी, हे मी या कारकिर्दीवरून शिकलो.

अर्थात त्यामुळे त्याच्या खेळाचे मोल कमी होत नाही. बेन्फिकासाठी अधिकृत ४४० सामन्यांत ४७३ गोल. अकरा लीग विजेतेपदे. पोर्तुगालसाठी ६४ सामन्यांत ४१ गोल. युरोपात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा सोनेरी बूट १९६८ मध्ये सुरू झाला, तो पहिला मानकरी हाच आणि १९७३ मध्ये पुन्हा हाच. आणि वागण्याचा नमुना म्हणाल तर १९६८ च्या युरोपियन चषकाची अंतिम लढत पाहावी. सामना १-१ बरोबरीत, शेवटची काही मिनिटे उरलेली, युसेबियो मँचेस्टर युनायटेडच्या गोलरक्षकासमोर एकटा. त्याने तोफेसारखा फटका मारला, ॲलेक्स स्टेपनीने तो अडवला. विजय हातून गेला होता, तरी हा उभा राहून स्टेपनीसाठी टाळ्या वाजवत होता. जादा वेळेत बेन्फिका ४-१ असा हरला.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला क्रांती झाली. वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. याच वर्षी तेहतीस वर्षांच्या युसेबियोने बेन्फिका सोडली. ज्या दरवाजावर इतकी वर्षे पहारा होता तो आता उघडला, पण तोवर गुडघ्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. बोस्टन, मेक्सिकोतील मोंतेरेय, टोरोंटो, लास व्हेगास असा तो फिरला. १९७६ मध्ये टोरोंटोला उत्तर अमेरिकन लीगचे अजिंक्यपदही मिळवून दिले. मधेच पोर्तुगालला येऊन बैरा-मार या लहान क्लबाकडून खेळला. त्या मोसमात बेन्फिकाशी सामना पडला तेव्हा, मी तुमच्यावर गोल मारणार नाही, असे त्याने जुन्या सोबत्यांना आधीच सांगून ठेवले होते.

कागदांची कथाही १९७५ मध्येच पुरी झाली. वसाहतींत जन्मून तिथेच राहणाऱ्या बहुतेक लोकांचे पोर्तुगीज नागरिकत्व पोर्तुगालने जूनमध्ये कायदा करून, स्वातंत्र्याच्या दिवसापासून काढून घेतले. कालपर्यंत 'आम्ही सारे एक' म्हणणाऱ्या देशाने माफालालाच्या शेजाऱ्यांना परके ठरवायला एक राजपत्र पुरे झाले. गोव्याला मात्र वेगळा न्याय मिळाला. मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला नागरिकत्वाचा दावा करता आला, आणि हजारो गोवेकरांनी तो केला. जन्मनोंदीची जुनी नक्कल मागायला खिडकीशी येणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मी नावे ठेवत नाही. पोट कोणाला चुकले आहे? पण ज्या कागदाने माणूस एका सहीने आपला होतो, त्याच कागदाने तो एका सहीने परका होऊ शकतो, एवढे लक्षात असावे.

कोलुना मात्र मोझांबिकला परतला. स्वतंत्र देशाच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला, पुढे क्रीडामंत्रीही झाला. युसेबियोच्या मागोमाग, २५ फेब्रुवारी २०१४ रोजी, त्याने मापुतोला देह ठेवला. युसेबियो लिस्बनलाच राहिला. बेन्फिकाचा आणि पोर्तुगीज फुटबॉलचा चालताबोलता चेहरा म्हणून जगला, राजकारणावर फारसे बोलला नाही. या दोघांपैकी बरोबर कोण आणि चूक कोण? मला वाटते हा न्याय करायला आपण बसू नये. अठराव्या वर्षी गेलेला मुलगा जिथे मोठा झाला, जिथे त्याचे लग्न झाले, मुली वाढल्या, ते त्याचे घर झाले. आणि माफालालाही त्याचे घर राहिलेच. माणसाला दोन घरे असू शकतात, हे आम्हा गोवेकरांना कोणी शिकवायची गरज नाही. मुंबईच्या कुडात अर्धे आयुष्य काढून देवाच्या जत्रेला गावी धावणारी माणसे आपल्याच घरात होती.

विश्वचषकात पोर्तुगाल खेळतो तेव्हा गोव्यात कुठे ना कुठे झेंड्यावरून वाद होतो. एक बाजू म्हणते हा खेळ आहे, दुसरी म्हणते हा गुलामीचा अवशेष आहे. मला वाटते, गुडिसन पार्कवरचे ते चार गोल बघताना टाळी वाजवायला मुक्तिसैनिकाच्या घरातल्या माणसानेही संकोचू नये. ते गोल सालाझारचे नव्हते. ते मोज्यांच्या चेंडूवर शिकलेल्या माफालालाच्या पोराचे होते. फक्त टाळी वाजवताना त्याच वर्षी कोठडीत असलेले क्रावेरिन्या आणि रानडे यांचीही आठवण असू द्यावी.